खडाखडी आणि हीट

मराठीच्या दोन अध्यापकांनी मारामारीच्या व्हिडिओ गेमविषयी गांभीर्याने लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण ज्या गोष्टीने आमच्या आयुष्यातील पंचवीस वर्षांचे शुक्रवार व्यापले, तिच्याविषयी एकदा तरी नीट विचार करणे आमच्या व्यवसायाला धरूनच आहे. कोणत्याही दीर्घ मालिकेकडे पाहताना अभ्यासकाला जे प्रश्न पडतात, तेच येथेही पडतात. पहिल्या रचनेतील बीज कोणते होते? पुढच्या रचनांनी ते कितपत वाढवले? आणि कोणत्या टप्प्यावर अलंकार देहापेक्षा जड झाले? 'टेकन' या जपानी मालिकेपुरते आमचे म्हणणे थोडक्यात असे, की तिचे सौंदर्य दोन आघातांच्या मधल्या जागेत होते, आणि अलीकडच्या भागांत ती जागा आकसत चालली आहे. हे कसे घडले, त्यात काय गेले आणि काय आले, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. नामको या कंपनीने 'टेकन' प्रथम डिसेंबर १९९४ मध्ये आर्केड यंत्रावर आणला. पुढल्याच वर्षी तो सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. नावाचा अर्थ 'लोखंडी मूठ'. त्याआधी १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'ने हा खेळप्रकार जगभर लोकप्रिय केला होता. त्यात सहा बटणे होती: हलका, मध्यम आणि जोरदार असे तीन ठोसे, आणि तशाच तीन लाथा. म्हणजे बटण आघाताची तीव्रता सांगत असे. 'टेकन'ने बटणाचा अर्थच बदलला. येथे बटणे चार, आणि प्रत्येक बटण एकेका अवयवाचे. चौकोन म्हणजे डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, वर्तुळ उजवा पाय. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर मोजक्या वर्णांतून हजारो शब्द घडवणारी ही व्यवस्था आहे. नवखा खेळाडूही पहिल्या मिनिटात पडद्यावरचा देह आपल्या देहाशी जोडू शकतो. तीस वर्षांत मालिकेचे पुष्कळ काही बदलले, पण हा पाया टिकला.

आमची आणि या खेळाची गाठ २००० साली कोल्हापुरात पडली. आम्ही तेव्हा शिवाजी विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. करत होतो. राजारामपुरीतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानामागे, चार टीव्ही आणि चार प्लेस्टेशन मांडलेले एक पार्लर होते. तासाला वीस रुपये. गर्दी असली की हरणाऱ्याने उठायचे. कंट्रोलरला तेथे सगळे रिमोट म्हणत. यंत्र कोणतेही असो, त्यात चकती बहुधा एकच असे: 'टेकन थ्री'. आर्केडवर १९९७ मध्ये आणि प्लेस्टेशनवर १९९८ मध्ये आलेला हा तिसरा भाग आमच्या पिढीतील अनेकांसाठी मालिकेचा आरंभच होता.

कोल्हापूर हे पैलवानांचे गाव. शाहू महाराजांनी बांधलेले खासबागेचे मैदान तेथे आहे, पेठांपेठांतून तालमी आहेत, आणि कुस्तीची परिभाषा बाजारातल्या बोलण्यातही मिसळलेली आहे. त्यामुळे या जपानी खेळाला लागणारे शब्द आम्हांला शोधावे लागले नाहीत. आघात म्हणजे डाव, त्याला उत्तर म्हणजे प्रतिडाव, आणि पार्लरमधला सर्वांत जुना खेळाडू म्हणजे वस्ताद. हा वस्ताद एका गॅरेजमध्ये कामाला होता आणि संध्याकाळी सातनंतर येत असे. आम्ही बटणे बडवू लागलो की तो मागून म्हणे, "थांब की भावा. त्याला हात टाकू दे आधी. मोकळा गेला की मग तुझाच हाय तो."

या एका वाक्यात 'टेकन'चे सारे मर्म आहे. कुस्तीत पकड बसण्यापूर्वी दोन्ही पैलवान एकमेकांभोवती फिरतात, हात लावून पाहतात, अंतर जोखतात. त्याला खडाखडी म्हणतात. नवख्या प्रेक्षकाला तेथे काहीच घडत नाही असे वाटते. जाणकार मात्र तीच कुस्ती पाहत असतो. 'टेकन'मध्ये आघात तीन उंचीचे असतात. वरचा आघात खाली बसून चुकवता येतो. मधला बसलेल्यालाच लागतो. खालचा बसूनच अडवावा लागतो. म्हणजे प्रत्येक बचावात एक धोका ठरलेला. शिवाय प्रत्येक डावाला कालमूल्य आहे. पडद्यावर सेकंदाला साठ फ्रेम सरकतात, आणि सर्वसामान्य पात्राचा सर्वांत जलद ठोसा दहा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाचा असतो. तुमचा डाव अडवला गेला आणि सावरायला तुम्हांला प्रतिस्पर्ध्यापेक्षा दहा फ्रेम जास्त लागल्या, तर तो ठोसा तुम्हांला बसणारच. डाव हुकला तर शिक्षा याहून मोठी. म्हणून अर्धे पाऊल मागे सरकून समोरच्याचा डाव वाया घालवणे ही येथली श्रेष्ठ कला.

तिसऱ्या भागाने या कलेला मैदान मिळवून दिले. पहिल्या दोन भागांत पात्रे फार उंच उडत. तिसऱ्यात उडी माणसाच्या मापात आली, आणि सर्व पात्रांना बाजूला पाऊल टाकण्याची सोय झाली. सरळ रेषेत चालणारा खेळ त्यामुळे वर्तुळात फिरू लागला. आमच्या मते मालिकेच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा बदल, आणि तो करताना निर्मात्यांनी एकही नवे हत्यार हातात दिले नाही. चालायला जागा दिली. कोरियन खेळाडूंनी मागे सरकण्याची चाल अर्ध्यावर तोडून पुन्हा पुन्हा साधण्याची एक रीत रूढ केली. ती आजही 'कोरियन बॅकडॅश' म्हणून ओळखली जाते. नुसत्या मागे सरकण्याला एका देशाचे नाव मिळावे, यावरून या खेळात पदन्यासाचे मोल किती होते ते कळावे.

हे ज्ञान आमच्याकडे सर्वस्वी मौखिक होते. आमच्या पार्लरमध्ये कुणाजवळ पुस्तक नव्हते. फ्रेम हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. 'याच्यानंतर त्याला काही करता येत नाही' एवढेच माहीत असे. किंग हा जग्वारचा मुखवटा घातलेला मल्ल. त्याच्या पकडींची साखळी कशी जोडायची हे वस्तादाला ठाऊक होते आणि तो ते हप्त्याहप्त्याने शिकवी. त्या किंगची कथाही परंपरेचीच आहे: पहिला किंग मारला जातो आणि दुसरा तोच मुखवटा चढवून उभा राहतो. एडी गॉर्डो या ब्राझीलच्या कापोएरा खेळणाऱ्या पात्राविषयी पार्लरचा अलिखित संकेत होता, की तो घेऊन जिंकलेली लढत मोजायची नाही. कारण पायांची दोन बटणे डोळे मिटून दाबली तरी एडी काहीतरी देखणे करून दाखवी. रूढी, संकेत, पाठभेद आणि गुरुमुख हे सगळे घटक असलेली ती एक लहानशी लोकपरंपराच होती.

चौथा भाग २००१ मध्ये आर्केडवर आला. त्यात निर्मात्यांनी भूमीच उंचसखल केली आणि भोवती भिंती उभारल्या. नायक जिन काझामा याने घराण्याची मिशिमा शैली टाकून पारंपरिक कराटे स्वीकारले. वडिलोपार्जित विद्या नाकारणारा मुलगा आणि जुनी समतल भूमी नाकारणारा खेळ, असे कथेचे आणि रचनेचे मोठे सुरेख एकत्व त्यात होते. पुष्कळ जुन्या खेळाडूंना तो रुचला नाही. २००४ च्या पाचव्या भागाने भूमी पुन्हा सपाट केली, भिंती तेवढ्या राखल्या. प्लेस्टेशन टूवरील त्याच्या आवृत्तीत पहिले तीन आर्केड खेळही समाविष्ट होते. प्रयोग फसल्यावर परंपरेकडे परतताना पूर्वसूरींच्या संहिता जोडीला छापाव्यात, तसा हा प्रकार. आम्हांला चौथा भाग अधिक धाडसी वाटतो आणि पाचवा अधिक प्रिय आहे.

खरी अलंकारांची आवड सुरू झाली ती २००७ च्या सहाव्या भागापासून. हवेत उडालेल्या प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आपटून पुन्हा उसळवण्याची युक्ती त्यात आली आणि आघातांच्या मालिका लांबल्या. प्राणशक्ती संपत आली की आघात अधिक जोरकस करणारा 'रेज'ही तेव्हाच आला. २०१५ च्या सातव्या भागात त्या रेजचे 'रेज आर्ट' झाले: हरत आलेल्या खेळाडूला एकदाच वापरता येणारा, चित्रपटासारखा दिसणारा, सामना फिरवू शकणारा प्रहार. ही तक्रार नाही. सातव्या भागात निर्णायक क्षणी दोघांचे आघात एकाच वेळी सुटले की काळ मंदावतो आणि कुणाचा हात आधी पोचतो हे सगळी सभा श्वास रोखून पाहते. असा नाट्यमय विराम आम्ही फार थोड्या कलाप्रकारांत अनुभवला आहे. अलंकार तेथे रसाला पोषक होता.

याच भागांतील आणखी एका गोष्टीचा भाषेचे अध्यापक म्हणून उल्लेख केलाच पाहिजे. यातील बरीच पात्रे आपापल्या भाषेत बोलतात. ह्वोरांग कोरियन बोलतो, शाहीन अरबी, कातारिना ब्राझीलची पोर्तुगीज, क्लॉडिओ इटालियन. हेइहाची त्याच्याशी जपानीत बोलतो, तो इटालियनमध्ये उत्तर देतो, आणि दोघांनाही एकमेकांचे कळते. दुभाषा कोठेच नाही. भाषांच्या उतरंडीविषयी वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या आम्हांला ही कल्पना एखाद्या कवितेइतकी भावते.

आणि मग २०१९ साल आले. फेब्रुवारीत जपानमध्ये भरलेल्या 'इव्हो जपान' या स्पर्धेत आणि ऑगस्टमध्ये लास वेगासच्या 'इव्हो'मध्ये 'टेकन ७'चे विजेतेपद एकाच खेळाडूने पटकावले: लाहोरच्या अर्सलान सिद्दीकी, म्हणजेच अर्सलान अॅश याने. लास वेगासच्या अंतिम लढतीत त्याच्यासमोर कोरियाचा नामवंत खेळाडू 'नी' होता. लाहोरमध्ये आपल्या तोडीचे आणखी पुष्कळ खेळाडू आहेत असे अर्सलान सांगत असे; ते पाहायला आणि शिकायला नी त्याच वर्षी पाकिस्तानात जाऊन आला. जपान आणि कोरिया यांना ज्यांचा पत्ताही नव्हता अशा शहरातल्या अड्ड्यांवर, एकमेकांशीच खेळून, ही विद्या इतकी तयार झाली होती. आम्हांला त्या बातमीत राजारामपुरीतली ती गल्ली दिसली. अर्सलानचा खेळ पाहावा तो त्याच्या थांबण्यासाठी. तो समोरच्याला हात टाकू देतो.

अशा पार्श्वभूमीवर जानेवारी २०२४ मध्ये आठवा भाग आला. निर्मात्यांनी त्याचे सूत्र उघडपणे जाहीर केले होते: आक्रमकता. त्याचे साधन म्हणजे 'हीट'. प्रत्येक फेरीत एकदा, काही सेकंदांपुरती, खेळाडूच्या अंगात ही धग संचारते. त्या काळात त्याचे आघात अडवले तरी अडवणाऱ्याची प्राणशक्ती थोडी थोडी झिजते. गमावलेल्या शक्तीचा काही भाग परत मिळवता येतो, पण तो आक्रमण करूनच. म्हणजे बचाव करणारा खंगत जातो आणि धावून जाणारा बरा होतो. वस्तादाचे 'थांब की भावा' येथे तोट्याचे ठरते.

कुस्तीच्या जाणकारांना हे ओळखीचे वाटेल. मातीवरची निकाली कुस्ती पूर्वी दीर्घकाळ चाले. खडाखडीला घड्याळ नव्हते. गादीवरच्या आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीत मात्र निष्क्रिय राहणाऱ्या मल्लाला पंच ताकीद देतात आणि पुढे तीस सेकंदांची मुदत लावतात. तेवढ्यात गुण घेता आला नाही तर प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. हा नियम निष्कारण आलेला नाही. प्रेक्षकांना गती हवी असते आणि दूरचित्रवाणीला वेळापत्रक. 'टेकन'चेही तेच झाले. पूर्वी हा खेळ पाहणारा माणूस बहुधा स्वतः पुढच्या डावासाठी रांगेत उभा असे. आज लाखो प्रेक्षक तो केवळ पाहतात, आणि त्यांतल्या अनेकांना खडाखडी म्हणजे रिकामी जागा वाटते. तरीही महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेत, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. 'टेकन'मध्ये मातीचा विभाग उरलेला नाही, एवढीच आमची खंत.

येथे दुसरी बाजू मांडली पाहिजे. आठवा भाग शिकवण्याच्या बाबतीत आधीच्या सर्वांहून उदार आहे. डावांचे कालमूल्य त्यात पडद्यावर पाहता येते. सातव्या भागात त्यासाठी २०१९ पासून वेगळे पैसे पडत. आपली झालेली लढत पुन्हा लावली तर खेळच थांबवून सांगतो, की येथे तुला उत्तर देता आले असते, हे बटण दाबून पाहा. नवख्यांसाठी सोप्या हाताळणीची वेगळी पद्धत आहे. आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने याआधी असा कोणताही खेळ हाती धरला नव्हता. तिने ही साधने वापरून चार महिन्यांत आमच्यातल्या एकाला सलग तीन लढतींत हरवले. तिच्या गावी पार्लर नव्हते, आणि असते तरी त्या काळातल्या आमच्या पार्लरमध्ये तिला कुणी सहज बसू दिले असते असे नाही. सात वाजता येणारा वस्ताद ही व्यवस्था आम्हांला लाभली, कारण आम्ही मुलगे होतो आणि आमच्याकडे वीस रुपये होते. शिष्याला सगळे डाव शिकवून एक राखून ठेवतो तो वस्ताद, असे म्हणतात. हा नवा वस्ताद एकही राखून ठेवत नाही, आणि हे मालिकेचे खरे पुण्य आहे.

म्हणून सुलभीकरणाच्या नावाने सरसकट बोटे मोडणाऱ्या जुन्या खेळाडूंशी आम्ही सहमत नाही. ज्ञानाचे दार रुंद करणे वेगळे आणि आत गेल्यावर सगळ्यांनी एकाच चालीने चालावे अशी सोय करणे वेगळे. सोपी पद्धत आणि खुले कालमूल्य ही पहिल्या प्रकारची सुधारणा. हीट ही दुसऱ्या प्रकारची. पूर्वी प्रतीक्षा करणारा, धावून जाणारा, फसवणारा, पकडींवर जगणारा असे खेळाडूंचे पिंड वेगवेगळे दिसत, आणि पात्र तेच असले तरी हात कुणाचा आहे ते ओळखू येई. आता धग चढली की जवळजवळ सर्वांनाच पुढे धावावे लागते. व्याकरण सर्वांना शिकवले, पण वाक्य एकाच अर्थाचे लिहायला सांगितले, असे काहीसे हे झाले आहे.

एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या हंगामाचे बदल आले आणि आक्रमणाची हत्यारे आणखी वाढली. खेळाडूंत इतकी नाराजी उसळली की निर्मात्यांना काही आठवड्यांतच तातडीच्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. तोपर्यंत आमच्यातल्या एकाने रिमोट खाली ठेवला होता. 'मला आता समोरचा माणूस दिसत नाही, नुसता उजेड दिसतो,' असे तो म्हणाला. दुसरा अजून खेळतो. त्याचे म्हणणे असे, की जिवंत भाषा बोलणाऱ्याच्या मर्जीने बदलत नाही, आणि उठून गेलेल्याला तिच्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार राहत नाही. या वादाचा निकाल लागलेला नाही. शुक्रवारी आम्ही भेटतो, चहा होतो, आणि पुष्कळदा प्लेस्टेशन बंदच राहते. पंचवीस वर्षांची सवय एका नियमबदलाने हलावी, हे आम्हां दोघांनाही जड जाते. कारण त्या तासाभरात आम्ही एकमेकांना जे सांगत होतो, ते बोलून कधी सांगितले नव्हते. वडील गेल्यानंतरच्या आठवड्यात समोरच्याचा हात नेहमीपेक्षा उशिरा पडतो, हे आम्हांला खडाखडीतच कळले होते.

राहिली कथा. 'टेकन'ची कथा म्हणजे मिशिमा घराण्याची भाऊबंदकी. फरक इतकाच, की येथे वैर सख्ख्या बाप-लेकांचे आहे. हेइहाची आपल्या मुलाला, काझुयाला, कड्यावरून फेकतो. मुलगा मोठा होऊन बापाला तसाच फेकतो. मग बाप मुलाला ज्वालामुखीत टाकतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो नातवावर, जिनवर, गोळी झाडतो. सातव्या भागात काझुयाने हेइहाचीला लाव्हारसात टाकले आणि एका पर्वाचा अंत झाला असे वाटले. २०२४ च्या शरदात हेइहाची परतला, तोही वेगळे पैसे मोजून घ्यायचे पात्र म्हणून. ज्या कथेत मरण विकत घेऊन रद्द करता येते, तिच्यातल्या शोकाला फारसे वजन राहत नाही.

पण आठव्या भागाच्या कथेचा शेवट आमच्या म्हणण्याला अनपेक्षित साक्ष देतो. जिन आणि काझुया आपापल्या सैतानी शक्तींनिशी आकाशात झुंजतात, किरण सोडतात, पंख पसरतात. मग दोघांच्याही त्या शक्ती नाहीशा होतात, आणि बाप-लेक उघड्या हातांनी, धापा टाकत, जमिनीवर समोरासमोर उभे राहतात. मालिकेला आपली सर्वांत निर्वाणीची लढत दाखवायची होती, तेव्हा तिने सगळे अलंकार उतरवून ठेवले. उरले ते दोन हात, दोन पाय आणि मधले अंतर. निर्मात्यांना हे ठाऊक आहे. नवव्या भागाची वाट आम्ही दोघेही पाहत आहोत, ज्याने रिमोट खाली ठेवला आहे तोसुद्धा.